ताईचा हॉल: फरशी राहिली, फॉल्स सिलिंग गेलं

ताई आणि दाजींनी घर घेतलं ते रिसेलचं, बैठं, ४५ वर्षं जुनं, आणि चावी हातात आली त्या दिवशीच ताईनं मला हॉलमध्ये उभं केलं आणि म्हणाली आता सांग यातलं काय काय तोडायचं. तिची यादी तयारच होती. फरशी पूर्ण बदलायची, फॉल्स सिलिंग पाडून नवीन डिझाइनचं करायचं आणि ती मरून रंगाच्या टेक्स्चरची भिंत आधी घालवायची. दाजींना त्यात टीव्हीच्या भिंतीला नवीन पॅनेलिंग हवं होतं. मी तिथे उभा राहून बघत होतो आणि मला खरंच कळत नव्हतं की ही खोली एवढी जुनाट, एवढी कोंदट का वाटतेय, कारण खोली लहान अजिबात नव्हती, १८ बाय १२ फूट म्हणजे २१६ स्क्वेअर फूट, जवळपास २० चौरस मीटर.

आधी खोली कशी होती ते सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. १८ फुटाच्या दोन लांब भिंती, त्यातली एक बाहेरची, पूर्वेकडची, आणि तिला चिकटून १० फूट लांबीचं गडद चॉकलेटी सनमायकाचं वॉल युनिट, जवळपास छतापर्यंत. १२ फुटाच्या एका छोट्या भिंतीला खोलीतली एकुलती एक खिडकी, पण शेजारचं घर जवळ असल्यानं तिच्यातून उजेड बेताचाच. समोरच्या छोट्या भिंतीला आत जायचं दार आणि तीच भिंत मरून. वर दोन पायऱ्यांचं पीओपीचं फॉल्स सिलिंग, खोबणीत निळी एलईडी पट्टी आणि १२ पांढरेफक्क गोल लाइट. खाली मोझॅकची फरशी, पिवळट तपकिरी, मळकी, काही ठिकाणी तडे. आधीच्या लोकांनी सोफा आणि खुर्च्या भिंतींना लावून ठेवलेल्या, त्यांचे डाग अजून दिसत होते.

मी एकच मागणी केली, दोन आठवडे काहीही तोडायचं नाही. राहायला यायला त्यांना तसाही दीड महिना होता. चार घडीच्या खुर्च्या आणल्या आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ जमेल तसं जाऊन बसायचं ठरवलं, प्रत्येकानं आपल्याला काय खुपतंय ते वहीत लिहायचं, उपाय लिहायचा नाही, फक्त खुपणं लिहायचं. दाजींना आधी हे वेळ घालवणं वाटलं पण त्यांनीच सगळ्यात जास्त लिहिलं. त्यांच्या नोंदी बघितल्या तर "संध्याकाळी लाइट लावले की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं", "डोक्यावर काहीतरी दाबतंय", "सकाळी ९ वाजतासुद्धा दाराकडच्या भागात पेपर वाचायला लाइट लागतो". ताईची एक ओळ मला फार आवडली, "इथे बसलं की भिंतीकडेच बघत राहावं लागतं". आता बघा, या सगळ्यात फरशीबद्दल एक नोंद नव्हती, जिच्यावर सगळ्यात जास्त खर्च होणार होता. मरून भिंतीबद्दल एकच होती.

मग टेप घेऊन मोजायला बसलो. वॉल युनिट भिंतीपासून पूर्ण २४ इंच पुढे आलेलं निघालं. एवढं का, तर ते युनिट जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी केलेलं, त्या टीव्हीला मागे ढेरी असायची, दोन फुटाखाली बसायचाच नाही. आताचा टीव्ही तीन चार इंचाचा, पण युनिट तसंच राहिलेलं, म्हणजे १२ फुटाची खोली वापरायला १० फुटाचीच होती. त्यात समोरच्या भिंतीला ३ फूट पुढे येणारा सोफा, मग मधे राहिले ७ फूट आणि त्यातूनच ये-जा. जागा कमी नव्हती, १० फूट बाय २ फूट अशी २० स्क्वेअर फूट जागा एका टीव्हीच्या आठवणीत अडकली होती.

उजेडाचं गणित आणखी वेगळं निघालं. सगळ्यांना वाटत होतं हॉल अंधारा आहे, अजून लाइट लावू. प्रत्यक्षात १२ लाइट, प्रत्येकी ९ वॅट, एलईडीचा ९ वॅटचा दिवा साधारण ८०० ते ९०० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) देतो, म्हणजे १० हजार लुमेन. एक लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर एक लुमेन, २० चौरस मीटरला भागलं तर कागदावर ५०० लक्स येतात, प्रत्यक्षात थोडे इकडे तिकडे वाया जातात. ५०० लक्स हा ऑफिसच्या टेबलावर धरतात तो आकडा आहे. घरात निवांत बसायला १०० ते १५० पुरतात, वाचायचं असेल त्या खुर्चीपाशी वेगळा दिवा. म्हणजे उजेड कमी नव्हताच, भरपूर होता, पण सगळा वरून खाली, सरळ डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांखाली सावल्या, भिंतींचा वरचा भाग काळा, आणि रंग ६५०० केल्विनचा म्हणजे दुपारच्या ढगाळ आकाशासारखा निळसर पांढरा. दाजींना दवाखाना वाटत होता तो हा.

आणि मग ती गोष्ट घडली जिच्यामुळे सगळा प्लॅन उलटा झाला. ताई बाहेरच्या बाजूला फिरत होती, झाडांचं काय करायचं ते बघायला, आणि तिथून हाक मारली, अरे या भिंतीला वर दोन छोट्या खिडक्या दिसतायत, त्या आत कुठे आहेत. मी आत येऊन बघतो तर आत काहीच नाही, वॉल युनिट आणि त्यावर सिलिंग. बाहेरून शिडी लावून पाहिलं तर खरंच दोन व्हेंटिलेटर, प्रत्येकी अडीच फूट रुंद आणि १६ इंच उंच, काच शाबूत, आतून प्लायवूड ठोकलेलं. फॉल्स सिलिंग केलं तेव्हा ते मधे आले म्हणून बंद करून टाकले होते! सिलिंगला दिव्याच्या भोकातून टेप घालून मोजलं तर खरा स्लॅब १० फूट २ इंचांवर आणि फॉल्स सिलिंगची कडेची पट्टी ८ फूट ४ इंचांवर. डोक्यावर काहीतरी दाबतंय असं दाजी लिहीत होते ते जवळपास दोन फूट होतं.

खिडकीच्या उजेडाचा एक जुना ठोकताळा आहे, खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दीडपट ते दुप्पट अंतरापर्यंत दिवसाचा उजेड कामापुरता आत पोचतो. इथली खिडकी वरून ७ फुटांवर संपते, म्हणजे साडेदहा ते १४ फूट, आणि खोली त्या दिशेला १८ फूट लांब, म्हणून दाराकडचा भाग सकाळीही काळोखा. व्हेंटिलेटरचा वरचा काठ ९ फूट १० इंचांवर, दीडपट केली तरी पावणेपंधरा फूट, आणि त्या दिशेला खोलीची रुंदी फक्त १२. म्हणजे ते दोन झरोके उघडले तर उजेड समोरच्या भिंतीपर्यंत आरामात पोचणार. ज्यानं हे घर बांधलं त्याला हे माहीत होतं. मधल्या कुणीतरी फॅशन म्हणून ते झाकलं आणि मग अंधार वाटतो म्हणून १२ लाइट लावले. हे लिहितानासुद्धा मला वाईट वाटतं.

त्या रात्री जेवताना नवीन फॉल्स सिलिंगचा विषय परत निघाला. दाजी म्हणाले वायर लपवायला काहीतरी लागेलच ना. त्यांचं बरोबर होतं. मग तोडगा असा काढला की पूर्ण सिलिंग करायचं नाही, आतल्या लांब भिंतीलगत फक्त एक फूट रुंदीचा बॉक्स, ज्यात सगळ्या वायर आणि काही लाइट बसतील, बाकी स्लॅब मोकळा. व्हेंटिलेटरच्या बाजूला काहीही नाही.

तोडफोडीआधी तपासण्या केल्या आणि हे कुणीही टाळू नये असं मला मनापासून वाटतं. जुन्या घरात सिलिंगच्या शीटमध्ये, खरबरीत टेक्स्चरमध्ये, जुन्या व्हिनाइल टाइल्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते) असू शकतं आणि ते दिसून कळत नाही, तुकडा लॅबमध्ये तपासूनच कळतं. इथलं सिलिंग पीओपी आणि जिप्समचं निघालं, त्यात काही नव्हतं. दुसरं शिसं. दाराच्या आणि खिडकीच्या चौकटींवर ऑइलपेंटचे पाच सहा थर होते, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, ते कोरडं घासलं की धूळ होऊन घरभर पसरतं आणि लहान मुलांसाठी तर शिशाचं सुरक्षित असं काही प्रमाणच नाही. माझा भाचा चार वर्षांचा. टेस्ट किटनं चौकटींवर रंग बदलला, म्हणजे शिसं होतं, मग चौकटी कोरड्या घासायच्याच नाहीत असं ठरलं. फक्त ओल्या पॉलिश पेपरनं, खाली प्लॅस्टिक अंथरून, मास्क लावून, आणि त्या दिवसांत भाच्याला घरात आणलं नाही.

वॉल युनिट निघालं आणि एकाच दिवशी एक वाईट आणि एक चांगली बातमी मिळाली.

वाईट बातमी भिंतीची. युनिटच्या मागे जमिनीपासून दीड फुटापर्यंत रंग फुगलेला, प्लास्टर बोटानं भुगा होत होतं, वर पांढरे मिठाचे फुलोरे. सुतार म्हणाला वॉटरप्रूफ पुट्टी मारा आणि पॅनेल लावून टाका, दिसणार नाही. दिसणार नाही हे खरं होतं. पण ओल कुठून येतेय ते कळल्याशिवाय झाकायचं नाही यावर मी अडून बसलो आणि ताईनं साथ दिली. भिंतीवर जिथे रंग अजून धरून होता तिथे दोन फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला, दोन दिवस ठेवला. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ते हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर भिंतीतलं. इथे भिंतीकडे जमलं. पाइप कुठला त्या भिंतीत नव्हता. परत बाहेर गेलो तर उत्तर समोरच होतं, आधीच्या मालकांनी भिंतीला लागून मातीचा वाफा केलेला, आणि वाफ्याची माती आतल्या फरशीच्या पातळीपेक्षा ८ इंच वर. रोज पाणी घालायचे, ते सरळ भिंतीत. बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या किमान ६ इंच खाली असायला हवी, म्हणजे इथे १४ इंच माती उपसायची होती.

दाजी आणि मी दोन रविवार फावडं घेऊन ती माती काढली, झाडं कुंड्यांत हलवली, भिंतीलगत बाहेरच्या बाजूला उतार काढून घेतला. आतलं सडलेलं प्लास्टर ओलीच्या खुणेच्या वर आणखी फूटभर, म्हणजे अडीच फुटांपर्यंत खरवडलं. मिठाचे फुलोरे पाण्यानं धुवायचे नाहीत, धुतले की मीठ विरघळून परत आत जातं, ते कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून फेकायचे. मग ती पट्टी तशीच उघडी विटांसकट सोडून दिली. हे सगळ्यात अवघड होतं कारण राहायला आले तेव्हा हॉलची एक भिंत खालून सोललेली होती आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा. पण ओल्या भिंतीवर प्लास्टर आणि त्यावर रंग म्हणजे सहा महिन्यांत परत तेच. विटा वाळायला दहा आठवडे दिले, मग प्लास्टर, मग परत चार आठवडे, मग श्वास घेणारा मॅट रंग, त्या भिंतीला ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिकसारखा थर देणारं काही नाही.

चांगली बातमी फरशीची. युनिटच्या खाली १० फूट बाय २ फूट जी फरशी होती ती वेगळीच दिसत होती. फिकट राखाडी, त्यात पांढरे, काळे आणि मधूनच हिरवे संगमरवराचे दाणे. ताई खाली बसली आणि हात फिरवत म्हणाली ही आपली फरशी आहे? तिचीच होती. बाकीची पिवळी दिसत होती ती फरशी नव्हती, तिच्यावर वर्षानुवर्षं चढवलेलं मेण आणि पॉलिशचे थर होते, मळ धरून पिवळे पडलेले. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे घालून घासलेली फरशी, तिचा रंग वरवरचा नसतो, जाडीत आत असतो, म्हणून ती परत परत घासून नवी करता येते. हे चकचकीत टाइलला जमत नाही, तिचं डिझाइन वरच्या पातळ थरात असतं, तो गेला की गेलं.

तरी भावनेच्या भरात निर्णय नको म्हणून लाकडी दांड्यानं प्रत्येक फरशी ठोकून पाहिली. पोकळ आवाज आला त्यावर खडूनं फुली. पूर्ण हॉलमध्ये ११ पोकळ आणि ६ तडकलेल्या, त्यातल्या ४ दोन्ही यादीत, म्हणजे एकूण १३. तशाच फरश्या स्टोअररूममध्ये होत्या, तिथून १३ काळजीपूर्वक उचलून हॉलमध्ये बसवल्या आणि स्टोअरला साधी नवीन टाइल टाकली. वरून टाइल चिकटवायचा पर्याय फरशीवाल्यानं सुचवला होता पण त्यानं पातळी चिकटवणीसकट १२ ते १५ मिलिमीटर वर येते, सगळी दारं खालून कापायची आणि प्रत्येक खोलीच्या उंबऱ्याशी ठेच लागणार, ते नको होतं.

घासायला डायमंड पॅडचं मशीन आणलं. ५० नंबरच्या खरबरीत पॅडपासून सुरुवात, मग १००, २००, ४००, ८००, आणि थांबायचं कुठे ते आपण ठरवायचं. फरशीवाला ३००० पर्यंत जाऊन आरसा करून देतो म्हणत होता. आम्ही ८०० ला थांबलो, मऊ चमक येते, दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यात जात नाही आणि भाचा पळाला तर घसरतही नाही. दोन नंबरांमध्ये बारीक खड्डे दिसतात ते सिमेंटनं भरून घ्यायचे, हे तो घाईत सोडत होता, ताईनं उभं राहून करून घेतलं. एक लक्षात ठेवा, मोझॅकवर अ‍ॅसिड कधीच घालू नका, लिंबू व्हिनेगरसुद्धा नको, संगमरवर अ‍ॅसिडनं खाल्ला जातो आणि चमक जाते, परत घासल्याशिवाय येत नाही. साध्या साबणानं पुसायची.

सिलिंग पाडायचं काम दीड दिवसात झालं, धूळ मात्र आठवडाभर निघत होती. व्हेंटिलेटरचं प्लायवूड दाजींनी स्वतः काढलं. सकाळचे साडेआठ वाजले होते, पहिला फळा निघाला आणि समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन पडला, खोलीत आम्ही चौघं होतो आणि थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. स्लॅब अर्थातच खराब होता, खिळ्यांची भोकं, जुन्या वायरिंगच्या पट्ट्या, त्याला दोन हात पुट्टी लागली. पंख्याचा मूळ हुक स्लॅबमध्ये पक्का सापडला, आधीचा पंखा सिलिंगच्या भोकातून त्यालाच लांब दांडी लावून टांगलेला, आता दांडी कमी करावी लागली नाही कारण उंची वाढली तरी पात्यांची जागा तीच ठेवली.

वायरिंगबद्दल थोडक्यात, कारण यात आपण हात घालायचा नसतो, जाणत्या इलेक्ट्रिशियनचंच काम आहे. हॉलमध्ये फक्त ३ सॉकेट होते, तिन्ही युनिटच्या मागे, दोघांना अर्थिंगच नाही. नवीन ११ सॉकेट ठरवले पण जागा सोफ्याची जागा ठरल्यावर ठरवल्या, आधी नाही. लाइटला दीड आणि सॉकेटला अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि बोर्डात ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, शॉक लागलाच तर माणूस वाचवणारा हाच. भिंतींना झिरी मारायचं सगळं काम पुट्टीआधी उरकलं. ओल असलेल्या भिंतीच्या खालच्या भागात एकही सॉकेट ठेवला नाही.

आता आमची चूक. कामाचा क्रम मी कागदावर लिहिला होता, तोडफोड, वायरिंग, प्लास्टर, छत, पुट्टी, पहिला हात, फरशी घासणं, आणि शेवटचा हात सगळ्यात शेवटी. फरशीवाल्याची तारीख पुढे गेली, पेंटर मोकळा बसला होता, त्याला थांबवायचं जिवावर आलं म्हणून मी शेवटचा हात आधी मारून घेतला. मग मशीन आलं, ते पाण्यावर चालतं, राखाडी चिखल उडतो, आम्ही प्लॅस्टिक लावलेलं पण मशीनच्या फटक्यानं जागोजाग सुटलं आणि तीन भिंतींना खालून फूटभर शिंतोडे. पुसायला गेलो तर मॅट रंगावर डाग फिस्कटले. तीनही भिंतींना पूर्ण एक हात परत मारावा लागला, पट्टी मारून चालत नाही, जोड दिसतो. तो खर्च माझ्या घाईचा होता आणि मी तसं त्यांना सांगितलंही.

रंगाचा निर्णय शेवटी फार सोपा झाला. शेड कार्डावरच्या इंचभर चौकोनावरून रंग ठरवू नका एवढंच कळकळीनं सांगेन. दोन फुटाच्या पुठ्ठ्यांवर सॅम्पल मारले, दोन दोन हात, आणि ते पुठ्ठे भिंतीभिंतीला फिरवले, खिडकीजवळ, दाराजवळ, सकाळी, संध्याकाळी दिवे लावून. ताईला आवडलेला राखाडी रंग खिडकीजवळ छान होता आणि दाराजवळ सरळ निळा दिसायचा. कंपनीच्या कार्डावर बऱ्याचदा एलआरव्ही लिहिलेला असतो, ० म्हणजे सगळा उजेड पिणारा, १०० म्हणजे सगळा परत देणारा. गडद मरूनचा १० च्या आसपास, उबदार ऑफ-व्हाइटचा ८० च्या आसपास, म्हणजे दाराकडची ती भिंत बदलल्यावर तिथून परत येणारा उजेड कितीतरी पट झाला, बल्ब एकही न वाढवता. टेक्स्चर मात्र खरवडून काढावं लागलं, त्यावर पुट्टी थापली असती तर जाड थर सुटला असता. तीन भिंती ऑफ-व्हाइट, खिडकीची भिंत फरशीतल्या हिरव्या दाण्याच्या जवळ जाणारी मळकट हिरवी. तो दाणाच पेंटरला दाखवला.

दिवे बॉक्समध्ये ४, दोन भिंतीवरचे, एक उभा दिवा वाचायच्या खुर्चीपाशी, एक छोटा टेबलावर. सगळे मिळून साडेतीन हजार लुमेनच्या आसपास, म्हणजे आधीच्या एक तृतीयांश. रंग २७०० ते ३००० केल्विन म्हणजे उबदार पिवळसर, एका खोलीत दोनापेक्षा जास्त रंगांचे दिवे नकोत, आणि सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा घेतला, त्यात माणसाच्या चेहऱ्याचा रंग खरा दिसतो. तीन वेगळी बटणं, आणि बॉक्सच्या दिव्यांना डिमर. बॉक्सचे दिवे भिंतीवर पडतात, डोक्यावर नाही. दाजी आता संध्याकाळी फक्त उभा दिवा आणि भिंतीवरचे दोन लावतात, बॉक्समधले कुणी आलं तरच.

फर्निचर घ्यायच्या आधी फरशीवर चिकटपट्टीनं सोफ्याचा, टेबलाचा, टीव्ही स्टँडचा आकार आखला आणि चार दिवस त्यातूनच चाललो. पहिल्या आखणीत सोफा एल आकाराचा होता, दाराकडून खिडकीकडे जाताना प्रत्येक जण चिकटपट्टी ओलांडत होता, म्हणून तो बाद झाला. चालायच्या वाटेला ३ फूट, सोफा आणि मधल्या टेबलात दीड फूट, हे दोन आकडे पक्के धरले की बाकी आपोआप बसतं. सरळ तीन सीटचा सोफा, भिंतीपासून ६ इंच पुढे ओढलेला, आणि त्याच्याकडे तोंड करून खिडकीपाशी तिरक्या दोन खुर्च्या. ताईच्या त्या नोंदीचं उत्तर हे होतं, आता बसलं की माणसं एकमेकांकडे बघतात. टीव्ही ५५ इंची, बाहेरच्याच भिंतीपाशी पण भिंतीवर नाही, बुटक्या स्टँडवर, भिंतीपासून हातभर सोडून, म्हणजे भिंतीला हवा लागते. स्क्रीनच्या तिरप्या मापाच्या साधारण दीडपट ते अडीचपट अंतर बरं पडतं, ५५ इंचाला ७ ते साडेअकरा फूट, आमचं आठ भरलं.

सोफा ऑर्डर करण्याआधी दाराची रुंदी आणि वळणं पण मोजा, आम्ही मोजली म्हणून सुटे पाय असलेला घेतला. मोकळ्या छतामुळे आणि फरशीमुळे खोली सुरुवातीला घुमत होती, ८ बाय १० ची सतरंजी टाकली, सोफ्याचे आणि खुर्च्यांचे पुढचे पाय तिच्यावर येतील अशी, आणि जाड पडदे खिडकीच्या चौकटीच्या ६ इंच वर आणि दोन्ही बाजूंना ८ इंच बाहेर दांडी लावून जमिनीपर्यंत सोडले, तेव्हा आवाज बसला. पडदा बाजूला केला की काच पूर्ण मोकळी राहते, हा त्या ८ इंचांचा फायदा. व्हेंटिलेटरला पडदा नाही, दोरीनं उघडणारी झडप आणि जाळी आहे, उकडायला लागलं की वरची गरम हवा तिथून निघून जाते.

खर्चाची वाटणी विचारतात म्हणून सांगतो, एकूण १०० धरले तर वायरिंग आणि दिवे २६, फर्निचर २२, छत पाडणं आणि दुरुस्ती १४, रंग १४ (त्यात माझी चूक ३), ओल आणि प्लास्टर ९, फरशी ८, सतरंजी पडदे ७. ताईच्या मूळ यादीप्रमाणे नवीन फरशी आणि नवीन फॉल्स सिलिंगचं कोटेशन घेतलं होतं ते दोनच मिळून याच मापानं ७२ होत होते, आणि त्यात ना वायरिंग ना ओल.

अजून एक काम बाकी आहे. बाहेरच्या भिंतीला स्टँडच्या मागे जमिनीलगत हातभर पट्टा आम्ही मुद्दाम प्लास्टरवरच ठेवलाय, रंग दिलेला नाही. प्लॅस्टिकचा तोच प्रयोग तिथे दोनदा केला, पहिल्यांदा भिंतीकडे बारीक थेंब होते, गेल्या महिन्यात कोरडं निघालं. मोठा पाऊस होऊन गेला की परत चिकटवणार. तेव्हाही कोरडं निघालं तर उरलेल्या डब्यातला ऑफ-व्हाइट दाजींनी झाकण घट्ट लावून, वर तारीख लिहून ठेवलाय.